मंदावलेला लॅपटॉप : निदान आधीं, चिकित्सा मागून

घरांतील वस्तु जुनी झाली म्हणजे तिच्याविषयींचा आपला निकाल फार लवकर लागतो, आणि तो बहुधा पुराव्यावांचून लागतो. पूर्वीं असें नव्हतें. पितळेच्या पातेल्यांत ताक कळकलें म्हणून आपल्या आजीनें पातेलें उकिरड्यावर फेंकलें नाहीं. कल्हईवाल्याची हांक ऐकूं येईपर्यंत तिनें तें बाजूस ठेवलें. पातेलें शाबूत आहे, फक्त कल्हई उडाली आहे, हा भेद तिला ठाऊक होता. आजच्या सुशिक्षित घरांत लॅपटॉप मंदावला म्हणजे असा भेद करणारें माणूस सांपडत नाहीं, आणि मग ‘हा टाका व नवा घ्या’ ही एकच चिकित्सा सर्व रोगांवर सांगितली जाते.

असा जुना लॅपटॉप आज बहुतेक पांढरपेशा घरांत आहे. मुलाच्या अभियांत्रिकी शिक्षणासाठीं, किंवा २०२० सालच्या टाळेबंदींत मुलीच्या ऑनलाइन वर्गांसाठीं तो घेतला गेला. पुढें मुलें पुण्यास, बंगळुरास अगर परदेशीं गेलीं, त्यांनीं नवीं यंत्रें घेतलीं, आणि जुनें यंत्र आईवडिलांच्या वांट्यास आलें. आतां त्यावर बँकेचा हिशेब पाहिला जातो, निवृत्तिवेतनाचीं कागदपत्रें निघतात, रविवारीं नातवंडें दिसतात, आणि घरांतील वीसपंचवीस वर्षांचीं छायाचित्रेंहि त्याच्याच पोटांत असतात. सकाळीं कळ दाबावी, आंघोळ उरकून यावें, तरी पडद्यावर तें वर्तुळ फिरतच असावें, हा अनुभव आमच्या कित्येक वाचकांस असेल. त्यांच्यासाठीं हा लेख आहे. आम्ही या शास्त्रांतले पंडित नव्हों. शाळेंत संस्कृत शिकविण्यांत आमचा जन्म गेला. परंतु निवृत्तीनंतरच्या अवकाशांत, येथें राहात्यास यंत्रदुरुस्तीचा धंदा करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याजवळ बसून आम्हीं हा विषय लक्षपूर्वक पाहिला. आणि आयुर्वेदाची निदानपद्धति येथें चांगली उपयोगीं पडते असें आम्हांस आढळून आलें.

त्या पद्धतीचें पहिलें सूत्र असें, कीं मंदपणा हें लक्षण आहे, रोग नव्हे. ताप हिंवतापानेंहि येतो आणि पिकलेल्या गळवानेंहि येतो. तसाच लॅपटॉप धुळीनें मंदावतो, पोट भरल्यानें मंदावतो, मेमरी अपुरी पडल्यानें मंदावतो, आणि डिस्क मरणपंथास लागल्यानेंहि मंदावतो. कारण ओळखल्याशिवाय केलेला उपाय लागू पडला तर तो योगायोग समजावा.

चिकित्सेपूर्वीं जतन

निदानाच्याहि आधीं एक कर्तव्य आहे : यंत्रांत जें आहे त्याची प्रत दुसरीकडे काढून ठेवणें. तें किती निकडीचें असूं शकतें हें एका घरच्या उदाहरणावरून सांगतों.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं निवृत्तीनंतर आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहावयास घेतला होता. अकरा वर्षें ते त्याच कामांत होते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून नामावळी उतरवून आणणें, जुन्या पत्रांवरील मित्या लावणें, घराण्यांतील सासुरवाशिणींच्या माहेरचीं नांवें शोधणें, हें सर्व त्यांनीं स्वतः फिरून केलें आणि स्वतःच लॅपटॉपवर लिहून काढलें. पुस्तक छापखान्यांत जाण्यापूर्वींच ते वारले. लॅपटॉप चार वर्षें कपाटांत राहिला. त्यांच्या पत्नीनें तो बाहेर काढला तेव्हां एक फाईल उघडावयास पंधरा पंधरा मिनिटें लागूं लागलीं. मुलानें एका मोठ्या शहरांतील दुकानीं चौकशी केली. तेथील माणूस म्हणाला, “यांत आतां राम नाहीं. बदलींत देऊन टाका. नव्याच्या किमतींतून थोडे रुपये वळते करूं.”

वहिनींनीं आम्हांस बोलावून विचारलें, “भाऊजी, यंत्र गेलें तर जाऊं दे; पण यांनीं लिहिलेलें सगळें त्यांत आहे. तें तेवढें निघेल का?”

आम्हीं तें यंत्र विद्यार्थ्याकडे नेलें. त्यानें चालू करून कान लावला. आंतून ठराविक अंतरानें टक् टक् असा आवाज येत होता. त्यानें तें तत्काळ बंद केलें व म्हणाला, “सर, आज यांतलें कांहीं साफ करायचें नाहीं आणि नवीन कांहीं घालायचें नाहीं. ही डिस्क जायच्या वाटेवर आहे. आधीं आंतलें बाहेर काढूं.”

त्याच्या सांगण्याचें मर्म असें. डिस्कवरील एखादी जागा खराब झाली म्हणजे तेथील मजकूर वाचण्यासाठीं यंत्र पुनःपुन्हां प्रयत्न करतें, आणि आपणांस बाहेरून तो केवळ मंदपणा दिसतो. अशा वेळीं ‘साफसफाई’ करणारा प्रोग्राम चालविणें म्हणजे मरणोन्मुख माणसास जिना चढावयास लावण्यासारखें आहे. त्यानें डिस्क सोडवून, यू.एस.बी.ची तार जोडून, तिच्यांतील मजकूर दुसऱ्या संगणकावर उतरविण्यास लावला. काम सबंध रात्र चाललें. कुलवृत्तांताच्या एकेचाळीस फाईलींपैकीं अडतीस निघाल्या. उरलेल्या तीन प्रकरणांचे छापील मसुदे घरांत सांपडले, हें सुदैव.

परंतु संकट एवढ्यानें संपलें नाहीं. दुसऱ्या संगणकावर फाईल उघडली तों मराठीच्या जागीं रोमन अक्षरें व चिन्हें यांचा निरर्थक गोंधळ! ही अडचण मराठी घरांत वारंवार येते, म्हणून तिचें कारण सांगणें अवश्य आहे. युनिकोड या जागतिक संकेतावलीच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तींत देवनागरीला स्वतंत्र स्थान मिळालें. तथापि घरोघरच्या संगणकांवर तें रुळावयास पुष्कळ वर्षें लागलीं. तोंपर्यंत, आणि छापखान्यांच्या सोयीसाठीं त्यानंतरहि, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपि’, सी-डॅकची ‘आय.एस.एम.’ अशा साधनांनीं मराठी लिहिलें गेलें. त्यांच्या जुन्या टंकांत रोमन अक्षरांच्या संकेतस्थानीं देवनागरी आकृति बसविलेल्या असत. अर्थात् तो टंक ज्या यंत्रांत नाहीं, तेथें संकेत उरतो आणि मराठी नाहींशी होते. सबब, जुन्या यंत्रांतून केवळ फाईली काढून भागत नाहीं. ‘फॉन्ट्स’ नांवाच्या कप्प्यांतील टंकहि उतरवून घ्यावे. शक्य तर जुनें यंत्र चालू आहे तोंच प्रत्येक लेखाची पी.डी.एफ. करावी, मग युनिकोडमध्यें रूपांतर करून रफार, जोडाक्षरें व अनुस्वार मूळाशीं ताडून पाहावे, कारण रूपांतरांत चुका होतात त्या बहुधा येथेंच. आमच्या वहिनींच्या बाबतींत जुन्या डिस्कवरील टंक सुदैवानें वाचतां आले, आणि अडतीसहि प्रकरणें पुन्हां मराठींत वाचतां येऊं लागलीं.

जतनाचा नियम साधा आहे. महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्या, आणि त्यांतील एक घराबाहेर, मुलीच्या घरीं म्हणा किंवा इंटरनेटवरील साठवणींत म्हणा, असावी. हें झाल्यावर मग यंत्रास हात लावावा.

स्वयंपाकघराचा दृष्टांत

यंत्राचीं मुख्य अंगें तीन. आमच्या वाचकभगिनींस तीं स्वयंपाकघरावरून चटकन् कळतील. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी गृहिणी. मेमरी, जिला रॅम म्हणतात, ती म्हणजे ओटा. आणि डिस्क म्हणजे कोठीची खोली. गृहिणी कितीहि चलाख असली तरी ओटा हातभर असेल, तर एक डबा काढावयाचा म्हणजे दुसरा कोठींत ठेवून यावा लागतो. आणि कोठी अंधारी व दूर असेल, तर सगळा वेळ जाण्यायेण्यांतच जातो. बाहेरून पाहणारा म्हणतो, ‘बाईचा हात मंद आहे.’ लॅपटॉपच्या बाबतींत हीच चूक घडते : मंदावलें कोणतें अंग हें न पाहतां सबंध यंत्रास दूषण दिलें जातें.

आमच्याच तालुक्यांत प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामापासून ऊस गाळीत आहे. फाटकाबाहेर उसाच्या गाड्यांची रांग लांबली म्हणजे जाणता माणूस बैलांना दोष देत नाहीं. खोळंबा काट्यावर आहे, गव्हाणींत आहे, कीं आंत चरकावर आहे, हें तो प्रथम विचारतो. कारण खोळंबा जेथें आहे तेथेंच उपाय केला तर रांग हलते. हेंच धोरण येथें ठेवावयाचें.

निदानाच्या पांच पायऱ्या

चरकसंहितेंत, आणि पुढें माधवनिदानांत, रोग जाणण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय व संप्राप्ति. तीं क्रमानें येथें लावून पाहूं.

(१) निदान म्हणजे हेतु. मंदपणा कधींपासून आला, आणि त्याच्या आगेंमागें काय घडलें? नवा प्रोग्राम घातला, चार्जर बदलला, यंत्र हातून पडलें, कीं प्रणालीची मोठी सुधारणा उतरली? एकाएकीं आलेल्या मंदपणास बहुधा असें एखादें निमित्त असतें. वर्षावर्षानें वाढत गेलेल्या मंदपणाचीं कारणें निराळीं असतात.

(२) पूर्वरूप म्हणजे पूर्वसूचना. पंख्याचा आवाज वाढला होता काय? आंतून टक् टक् ऐकूं येत होतें काय? एखादी फाईल उघडतांना यंत्र अडखळून मग चालू होत होतें काय?

(३) रूप म्हणजे प्रत्यक्ष लक्षण. येथें पहिली परीक्षा ही, कीं यंत्र मंद आहे कीं इंटरनेट मंद आहे? घरांतच ठेवलेलें एखादें छायाचित्र लगेच उघडतें, पण बँकेचें पान उघडत नाहीं. आणि तेंच पान त्याच वायफायवर मोबाईललाहि उघडत नाहीं. तर लॅपटॉप निर्दोष आहे. यंत्रच मंद असल्यास कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्या. ‘टास्क मॅनेजर’ नांवाचा तक्ता उघडतो. ही यंत्राची नाडी. प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांवर शेंकडा किती भार आहे तें तेथें दिसतें. यंत्र सुरू झाल्यावर दहा मिनिटें थांबून, दुसरें कांहीं न उघडतां, हे तीन आंकडे वहींत लिहून ठेवावे. डिस्क स्वस्थ बसण्याऐवजीं शंभराच्या आसपास खिळून राहिली असेल, तर खोळंबा कोठीच्या दारांत आहे.

(४) उपशय म्हणजे प्रयोगानें परीक्षा. अमुक उपायानें बरें वाटतें त्यावरून रोग ओळखणें. शिफ्ट कळ दाबून धरून ‘रीस्टार्ट’ निवडल्यास ‘सेफ मोड’कडे जाण्याचा मार्ग सांपडतो. या अवस्थेंत प्रणाली अत्यावश्यक तेवढेंच चालविते. जणुं यंत्रास लंघन घातलें आहे. लंघनांत यंत्र चपळ झालें, तर दोष मागाहून घातलेल्या प्रोग्रामांत शोधावा. तेथेंहि रखडलें, तर डिस्क, मेमरी, उष्णता यांकडे वळावें.

(५) संप्राप्ति म्हणजे हेतूपासून लक्षणापर्यंत रोग कसा पोंचला त्याचा क्रम. ही पायरी गाळल्यामुळें पुष्कळांची फसगत होते. तक्त्यांत डिस्क शंभर दिसली म्हणून डिस्कच दोषी ठरत नाहीं. मेमरीहि नव्वदीच्या वर असेल, तर ओटा अपुरा पडल्यानें प्रणाली सारखी कोठींत जात येत आहे, असा अर्थ होतो. तेथें मूळ दोष मेमरीचा, आणि डिस्क ही केवळ ओझें वाहणारी.

आणखी एक नियम नैयायिकांकडून घ्यावा. एका वेळीं एकच बदल करावा व परिणाम पाहावा. तो बदल केल्यानें गुण येतो, आणि परत फिरविल्यानें गुण जातो, असा अन्वय-व्यतिरेक जुळला म्हणजेच कारण सिद्ध झालें. चार उपाय एकदम केल्यास यंत्र कदाचित् सुधारेल, पण ज्ञान कांहींच होणार नाहीं, आणि सहा महिन्यांनीं पुन्हां तोच अंधार.

बिनखर्ची उपाय

प्रथम फुकटचे उपाय करावे. ‘शट डाउन’ केलें म्हणजे यंत्र पूर्ण थांबलें असें पुष्कळांस वाटतें. विंडोज १० मध्यें ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय चालू असल्यास तसें होत नाहीं. प्रणालीचा गाभा डिस्कवर जतन होतो व दुसऱ्या दिवशीं तोच परत येतो. म्हणून आठवड्यांतून एकदां ‘रीस्टार्ट’ करावें. त्यानें सर्व नव्यानें सुरू होतें.

दुसरें, त्याच टास्क मॅनेजरमध्यें ‘स्टार्टअप’ म्हणून एक यादी आहे. यंत्र उठतांच त्याच्याबरोबर कोण कोण उठतें तें तेथें दिसतें. कधीं काळीं घातलेल्या प्रिंटरचा मदतनीस, मुलाच्या कॉलेजांतील सभांचा प्रोग्राम, गाण्यांचा प्रोग्राम, सगळे पंगतीस न बोलावतां बसलेले असतात. ओळखीचे व अनावश्यक तेवढे बंद करावे. ज्याचें नांव कळत नाहीं त्यास विचारल्याशिवाय हात लावूं नये. तिसरें, विषाणूप्रतिबंधक प्रोग्राम एकच असावा. दोन वैद्य एका रोग्यास एकदम तपासूं लागले म्हणजे रोग्यास उसंत मिळत नाहीं. शिवाय विंडोज १० मध्यें असा एक रक्षक मुळांतच आहे. चवथें, डिस्कचा दहावा हिस्सा तरी रिकामा ठेवावा. तात्पुरत्या फाईली, कचरापेटी व ‘डाउनलोड्स’ या तीन ठिकाणीं बहुतेक अडगळ सांपडते. पांचवें, ब्राउझरमध्यें तीसतीस पानें उघडीं ठेवण्याची संवय सोडावी व त्यास जोडलेल्या नकोशा पुरवण्या काढाव्या. अल्प मेमरीच्या यंत्रास हा भार सर्वांत जड होतो.

ऊन, धूळ आणि चार्जर

आमच्या भागांत या कारणाचें महत्त्व विशेष आहे. नगर-मनमाड रस्त्यावरची वाहतूक, हंगामांतील उसाच्या गाड्या, आणि चैत्र-वैशाखांतील वावटळी. त्यांत उन्हाळा चाळिसांच्या पलीकडे जाणारा. ही धूळ लॅपटॉपच्या पंख्यांतून आंत जाऊन जाळीवर नमद्यासारखी बसते. प्रोसेसरचें उष्णतामान मर्यादेजवळ आलें, आणि ही मर्यादा पुष्कळ यंत्रांत शंभर अंश सेल्सियसच्या आसपास असते, म्हणजे तो जळूं नये म्हणून स्वतःच गति कमी करतो. याचें लक्षण अचूक आहे : पहांटे यंत्र चपळ, अर्ध्या तासानें मंद, आणि पंखा सारखा घोंघावणारा. उपाय म्हणजे खोलून साफ करणें, आणि प्रोसेसरवरील वाळलेला उष्णतावाहक लेप बदलणें. हें काम माहितगाराकडून करवावें. घरीं वाऱ्यानें धूळ उडविल्यास यंत्र बंद असावें व पंख्याचें पातें काडीनें धरून ठेवावें, नाहींतर तें भलत्या वेगानें फिरून निकामी होतें. आणि लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवूं नये. त्याच्या नाकपुड्या खालींच असतात.

चार्जरची गोष्ट फारशी कोणी लक्षांत घेत नाहीं. कांहीं यंत्रें चार्जर ओळखीचा नसेल किंवा कमी शक्तीचा असेल, तर प्रोसेसरची गति आपण होऊन उतरवितात. बाजारांतून स्वस्त चार्जर आणल्यापासून मंदपणा आला असेल, तर मूळ जातीचा चार्जर कोणाकडून मागून आणून एक दिवस लावून पाहावा. हाहि उपशयच. मात्र बॅटरी फुगून कळफलक किंवा त्याखालील स्पर्शपट्टी वर आली असेल, तर प्रयोग थांबवावे. यंत्र बंद करून तत्काळ कारागिराकडे न्यावें. फुगलेली बॅटरी दाबूं नये, टोंचूं नये; ती पेट घेते.

मेमरी व डिस्क

एवढें करूनहि गुण न आल्यास पैसे खर्चण्याची वेळ येते. मेमरी चार जी.बी. असेल तर ती आठ करणें लाभदायक होतें. तथापि आधीं तीन गोष्टी पाहाव्या : मेमरी बदलतां येण्याजोगी आहे कीं फलकावरच जडविलेली आहे, ती डी.डी.आर.३ जातीची कीं डी.डी.आर.४, कारण एकीच्या खांचेंत दुसरी बसत नाहीं. आणि प्रणाली ३२ बिटांची कीं ६४ बिटांची, कारण घरगुती ३२ बिटांची विंडोज चार जी.बी.पलीकडची मेमरी वापरूंच शकत नाहीं.

परंतु ज्या लॅपटॉपांत अद्याप फिरती हार्ड डिस्क आहे, त्यांत मंदपणाचें कारण बहुधा तीच असतें. फिरत्या डिस्कचा वंश जुना आहे. १९५६ सालीं अमेरिकेंतील आय.बी.एम. कंपनीनें बाजारांत आणलेल्या पहिल्या डिस्कयंत्रांत चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्यांवर पन्नास लक्ष अक्षरें मावत. पुढें आकार तळहाताएवढा झाला व सांठा लक्षपटींनीं वाढला. पण तत्त्व तेंच राहिलें. लॅपटॉपमधील नेहमीची तबकडी मिनिटास ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदास ९०. हवी ती जागा वाचणाऱ्या टोंकाखालीं येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारें साडेपांच मिलिसेकंद लागतात; आणि तें टोंक योग्य कड्यावर नेण्यास आणखी दहाएक. म्हणून विखुरलेले लहान तुकडे वाचावयाचे तर सेकंदास शंभराच्या आंतच हातीं लागतात. प्रणाली सुरू होतांना तर असे हजारों तुकडे लागतात! एस.एस.डी. या नव्या जातीच्या साठवणींत फिरणारें कांहीं नाहीं. ती तेवढ्याच वेळांत हजारोंनीं तुकडे पुरविते. कोठी ओट्याला लागून आली म्हणजे स्वयंपाकास जी गति येते, ती येथें येते. जुन्या डिस्कच्याच खोबणींत बसणारी अडीच इंची एस.एस.डी. मिळते, आणि तिची किंमत नव्या लॅपटॉपचा लहानसा अंश असते. भाव चढउतार करतात. दोन दुकानीं विचारून घ्यावी.

जुनी डिस्क आजारी आहे कीं केवळ मंद, हें ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ या फुकट मिळणाऱ्या साधनानें कळतें. तें डिस्कनें स्वतःच ठेवलेली नोंद वाचून दाखवितें. तेथें बदललेल्या अगर वाचतां न येणाऱ्या जागांचे आंकडे वाढत असतील, तर एक दिवसहि न थांबतां प्रत काढावी. वर सांगितलेल्या कुलवृत्तांताच्या यंत्रांत हीच नोंद पिवळी झालेली होती. त्यांत एस.एस.डी. बसविली, धूळ काढली. बाकी कांहीं केलें नाहीं. पंधरा मिनिटें घेणारी फाईल आतां डोळ्याची पापणी लवतां उघडते, आणि वहिनी रोज दुपारीं दोन पानें मूळ पत्रांशीं ताडून पाहतात.

विंडोज १० चा प्रश्न

येथें वाचक विचारतील, कीं यंत्र सुधारलें तरी प्रणालीचें काय? विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपविला. नांव नोंदविणाऱ्या घरगुती यंत्रांस सुरक्षेची डागडुजी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळावी, अशी सोय तेव्हां जाहीर झाली होती. ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं निघालेल्या विंडोज ११ ला टी.पी.एम. २.० ही सुरक्षाचकती लागते, आणि इंटेलच्या प्रोसेसरांपैकीं सामान्यतः आठव्या पिढीचे व त्यापुढचेच चालतात. त्यामुळें पुष्कळ धडधाकट यंत्रें केवळ जन्मवर्षावरून बाद ठरलीं.

हा प्रकार नवा नव्हे. ‘पास्कल’ या संगणकभाषेचे जनक स्विस शास्त्रज्ञ निक्लाउस विर्थ यांनीं १९९५ सालींच अशी तक्रार मांडली होती, कीं यंत्रांची गति ज्या वेगानें वाढते त्याहून अधिक वेगानें प्रणाली जड होत जातात. आपला लॅपटॉप म्हातारा झाला असें आपण म्हणतों. वस्तुतः पुष्कळदां त्याच्या पाठीवरचें ओझें वाढलेलें असतें.

ज्यांचें काम लिहिणें, वाचणें, पत्रव्यवहार व नातवंडांशीं बोलणें एवढेंच आहे, त्यांनीं लिनक्सचा विचार अवश्य करावा. ‘लिनक्स मिंट’सारखी प्रणाली फुकट मिळते, थोड्या मेमरींत चालते, आणि तींत युनिकोड मराठी व इनस्क्रिप्ट कळफलक दोन्ही आहेत. ती पेनड्राइव्हवरून चालवून पाहतां येते. तोंवर डिस्कवरील कांहींहि बदलत नाहीं. मात्र हिशेबाचे ठराविक प्रोग्राम, डिजिटल सहीचीं साधनें, जुने प्रिंटर व श्रीलिपीसारख्या प्रणाली तींत न चालण्याचा संभव आहे. म्हणून नित्याचीं चार कामें करून पाहिल्यावरच निर्णय करावा.

करूं नये तें

‘एका कळीसरशी दसपट वेग’ असें सांगणारे प्रोग्राम घेऊं नयेत. त्यांतील कित्येक स्वतःच भाररूप असतात, तर कांहीं चोर असतात. पडद्यावर ‘तुमच्या यंत्रांत विषाणु आहे, या क्रमांकावर फोन करा’ असें झळकलें, तर तो फोन कधींहि करूं नये, आणि कोणी आपण होऊन फोन करून यंत्राचा ताबा मागितला तर तो देऊं नये. हे ठग वडीलधाऱ्या एकट्या माणसांवरच टपलेले असतात. पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसतां तत्काळ १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी. तसेंच, एस.एस.डी. बसविल्यावर जुन्या संवयीनें तिचें ‘डिफ्रॅगमेंट’ करीत बसूं नये. त्यानें लाभ नाहीं, उलट ती विनाकारण झिजते. तिची निगा विंडोज आपण होऊन राखते.

कोठें थांबावें

वैद्यानें असाध्य रोगहि ओळखावा लागतो. मुख्य फलक वारंवार बिघडत असेल, दोन जी.बी. मेमरी फलकावरच जडविलेली असेल, बिजागरी तुटून पडदा निखळला असेल, किंवा दुरुस्तीचा खर्च तशाच दुसऱ्या यंत्राच्या किमतीच्या एकतृतीयांशावर जात असेल, तर मोह आवरावा. हा एकतृतीयांशाचा दंडक आमचा घरगुती आहे. ज्यानें त्यानें आपल्या ऐपतीप्रमाणें ठरवावा.

यंत्राचा त्याग करतांनाहि विधि आहे. डिस्क काढून आपल्याजवळ ठेवावी अगर माहितगाराकडून पूर्ण पुसून घ्यावी. फाईल ‘डिलीट’ केल्यानें मजकूर नाहींसा होत नाहीं, केवळ त्याचें नांव यादींतून जातें. उरलेलें यंत्र दारावरच्या भंगारवाल्यास देऊं नये. त्यांत शिसें व इतर विषारी द्रव्यें असतात, आणि उघड्यावर जाळलीं असतां तीं हवेंत व मातींत मिसळतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांन्वयें नोंदणीकृत पुनर्वापर-केंद्रें आहेत. तेथें किंवा त्यांच्यासाठीं संकलन करणाऱ्याकडे तें द्यावें.

शेवटीं एक सूचना. येत्या रविवारीं तासभर काढून घरच्या लॅपटॉपची एक रोगपत्रिका तयार करावी : घेतल्याचें वर्ष, मेमरी किती, डिस्क फिरती कीं एस.एस.डी., विंडोज कोणती, आणि स्वस्थ असतांना टास्क मॅनेजरमधील तीन आंकडे. तो कागद यंत्राच्या पिशवींत ठेवावा व दुरुस्तीस जातांना बरोबर न्यावा. कारागीरहि मग तोंडास येईल तें सांगत नाहीं. आणि या सर्वांच्या आधीं, आज रात्रींच, त्यांतील छायाचित्रांची व लिखाणाची प्रत काढून ठेवावी. यंत्र बाजारांत दुसरें मिळतें. त्यांतला मजकूर मिळत नाहीं.